मामा, ह्या पत्र्याचा टीसी कुठाय?

माझा धंदा पॅटर्नमेकरचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना ओतकामासाठी लाकडी नमुने लागतात, ते मी करतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीसुद्धा तेवढी मोठी आखलेली असते. हातात रंधा आणि ती पट्टी घेऊनच माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे घरच्या घरी एकआसनी विमान बांधायचं ठरवलं तेव्हा लाकडाची भीती अजिबात वाटली नाही.

वेड तसं जुनं. आजोळ बाळेकुंद्रीचं, सांबऱ्याच्या धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्याच्या सुट्टीत आजोबांच्या शेतात बांधावर उताणं पडायचं आणि विमान डोक्यावरून गेलं की त्याचं पोट बघायचं, हाच आमचा खेळ. पण आपण बांधावं हे डोक्यात आलं फेब्रुवारी २०१६ मध्ये. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताहात मांडलं होतं. मी रात्रीच्या गाडीनं गेलो आणि दिवसभर त्या विमानाभोवती फिरत राहिलो. लोक फोटो काढत होते, मी रिव्हेट मोजत होतो. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या विमानाला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, तेव्हा माझ्या पंखाच्या बरगड्या निम्म्या झाल्या होत्या आणि मी शेजाऱ्यांना पेढे वाटले होते.

सहा आसनी विमान माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मी शोधलं ते सगळ्यात साधं आणि स्वस्त. साध्या माणसांनी घरी विमानं बांधायची परंपरा मोठी आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ च्या सुमारास फोर्डच्या मॉडेल-ए मोटारीचं इंजिन लाकडी विमानाला बसवलं, आणि त्यांच्या नकाशांवरून लोक आजही विमानं बांधतात. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांनी १९३४ च्या आसपास 'उडती पिसू' आणली. खिळेठोक करता येणाऱ्या कुणालाही बांधता येईल असं ते विमान होतं. शेकडो लोकांनी बांधलं, पण काही माणसं गेली. मग १९३६ मध्ये पूर्ण आकाराचं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं, तेव्हा कळलं की नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की ते विमान परत वर येतच नाही. हे वाचलं त्या रात्री मी एक गोष्ट भिंतीवर खडूनं लिहिली: नकाशात एक सूतही बदल करायचा नाही.

मी घेतलेले नकाशे वेन आयसन यांच्या मिनी-मॅक्स कुळातल्या विमानाचे. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, पंखाला खालून आधाराचे दांडे, पुढे छोटं टू-स्ट्रोक इंजिन. पॅटर्नमेकरला लाकूड सोडून ॲल्युमिनियमच्या नळ्यांकडे जायचं कारणच नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण मला विचारायला येणारी दहातली नऊ पोरं हीच चूक घेऊन येतात. मोबाईलवर ती अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. तिथं १९८२ पासून एक नियम आहे: एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंड म्हणजे ११५ किलोच्या आत, पेट्रोल ५ गॅलन म्हणजे १९ लिटर, वेग ताशी १०२ किलोमीटरच्या आत. एवढं पाळलं तर ना विमानाची नोंदणी, ना वैमानिकाचा परवाना. आपल्याकडे अशी सूट नाही. विमान कितीही लहान असो, डीजीसीएकडे (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) नोंदणी, व्हीटीनं सुरू होणारी खूण, उडवायची परवानगी आणि उडवणाऱ्याचा परवाना हे सगळं लागतं. १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, तरी ह्यातलं काही सुटलेलं नाही. शिवाय सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोनसुद्धा उडवायचा नसतो. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला प्रत्येक कागदावर आधी राज्य कोणतं ते विचारलं जातं. विमानाच्या बाबतीत मात्र चंदगडचा माणूस आणि बेळगावचा माणूस एकाच रांगेत, कारण आकाशाचा कायदा केंद्राचा. मला त्याचं बरं वाटलं होतं.

तर बरगड्या. पंखाचा जो बाक असतो तो ह्या बरगड्यांनी ठरतो. बोटाहून बारीक काड्या एका साच्यात वाकवून बसवायच्या, सांध्यांवर पातळ प्लायवूडचे तुकडे चिकटवायचे. साचा मी एका रविवारात केला. पण खरं काम चिकटवण्यात होतं. इपॉक्सी ह्या दोन भागांच्या गोंदाचं प्रत्येक नवं मिश्रण केलं की त्यातलाच एक थेंब घेऊन दोन भंगार काड्या जोडून ठेवायच्या, वर तारीख आणि बरगडीचा नंबर. दुसऱ्या दिवशी ती जोडी शिकंज्यात धरून मोडायची. लाकूड फाटलं तर सांधा पास. चिकटवल्याजागी स्वच्छ सुटलं तर त्या मिश्रणानं केलेली प्रत्येक बरगडी बाद. माझ्या चार बरगड्या अशा गेल्या. डिसेंबरची थंडी होती, रात्री शेडमध्ये पारा खाली गेला आणि इपॉक्सी नीट पिकलंच नाही. त्या चार बरगड्या दिसायला बाकीच्यांइतक्याच सुंदर होत्या. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या चांगल्या आहेत, कशाला मोडताय?" मी तिला मोडलेली जोडी दाखवली. काचेसारखी गुळगुळीत सुटली होती.

पंखाचा कणा, म्हणजे स्पार, ह्यासाठी स्प्रूस ह्या सूचिपर्णी झाडाचं प्रमाणित लाकूड बाहेरून मागवलं. बेळगावच्या टिंबर डेपोत देखणं लाकूड मिळतं, पण कण्याच्या लाकडाला रेषा सरळ हवी. १५ इंचांत एक इंचाहून जास्त तिरकी गेलेली चालत नाही. गाठ, राळेची पिशवी, दाबानं आतून मोडलेला तंतू, काहीच चालत नाही. लाकूड आलं ते २०१९ च्या जुलैमध्ये, आणि ऑगस्टमध्ये पूर. बेळगावकरांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. आमच्या शेडमध्ये गुडघाभर पाणी होतं. लाकूड मी माळ्यावर चढवलं होतं म्हणून भिजलं नाही, पण हवेतला ओलावा त्यात उतरला. ओलावा मोजायचं यंत्र लावलं तर काटा १९ टक्क्यांवर. चिकटवायला तो बाराच्या आसपास लागतो. फेब्रुवारीपर्यंत मी त्या लाकडाला हात लावला नाही. पॅटर्नमेकर म्हणून मला हे माहीत होतं, तरी ते सहा महिने फार जड गेले.

आता भाच्याची गोष्ट.

बहिणीचा मुलगा हत्तरगीच्या एसईझेडमध्ये मशीनिंगला आहे. तिथं मोठ्या प्रवासी विमानांचे सुटे भाग होतात, हे आपल्याकडच्या पुष्कळांना माहीतसुद्धा नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो महिनाभर आमच्याकडे अडकला. तोवर मी पंख आणि आधाराचे दांडे जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या करून ठेवल्या होत्या. नकाशात पत्रा ४१३० म्हणजे क्रोमोली, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा, सांगितलाय. मी तो एका दुकानातून आणला होता, दुकानदारानं "४१३० च आहे" म्हणून दिलेला. पोरानं एक पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं,

"मामा, ह्या पत्र्याचा टीसी कुठाय?"

टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. कुठल्या वितळणीतला माल, त्यात काय किती, ओढून कितीला तुटला, हे सगळं त्या कागदावर असतं. मी म्हटलं, दुकानदार ओळखीचा आहे. तो म्हणाला, "ओळखीचा आसंल वो मामा, खरं पत्रा ओळखीचा न्हाई न्हवं?" मी गप्प झालो. तो पुढे म्हणाला, "आमच्यात एक बोल्ट बी कागदाशिवाय आत येत न्हाई. आन् तुम्ही त्याच्यावर बसणार."

लॉकडाऊन उठल्यावर पट्टी घेऊन फाउंड्रीच्या लॅबमध्ये गेलो. बेळगावात राहण्याचा हा मोठा फायदा. धातूत काय किती आहे ते सांगणारं स्पेक्ट्रो मशीन आमच्याकडे गल्लोगल्ली आहे म्हटलं तरी चालेल. पट्टीवर ठिणगी पडली, जळलेला वाटोळा डाग उठला आणि मिनिटभरात आकडे आले. ४१३० मध्ये क्रोमियम ०.८ ते १.१ टक्के आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के असायला हवं. माझ्या पट्टीत दोन्ही नावाला. साधा पत्रा होता. दुकानदारानं फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही कुणीतरी तोंडीच सांगितलं असेल. पण चौदाच्या चौदा पट्ट्या मी त्याच दिवशी भंगारात टाकल्या. मग टीसीसकट खरा पत्रा मागवला. बोल्ट, केबल, केबलच्या तांब्याच्या नळ्या, खाचेच्या नटात घालायच्या दुबोटी पिना, सगळं विमानाच्या दर्जाचं आणि कागदासकट. त्या दिवसापासून माझा एक हिशेब पक्का झाला: हाताच्या कामात जेवढा पैसा वाचवता येईल तेवढा वाचवायचा, मालाच्या पुराव्यात एक रुपयाही नाही. स्वस्त विमान कसं बांधायचं असं विचारणाऱ्याला मी हेच सांगतो, आणि पुष्कळांना ते आवडत नाही. त्यांना पर्यायी बोल्टाचं दुकान हवं असतं.

तरी माझी चूक व्हायची ती झालीच.

२०२१ च्या मार्चमध्ये भारचाचणी घेतली. पंख आणि धड जोडून सगळं उलटं केलं आणि लाकडी घोड्यांवर ठेवलं. उडताना हवा पंखाला वर ढकलते. उलटं केलं की वाळूची पोती तेच काम खालच्या दिशेनं करतात. भरलेलं विमान २५० किलो, त्यात पंख ४५. चारपट भार धरला तर २०५ गुणिले ४, म्हणजे ८२०. उलट्या पंखाचं स्वतःचं वजन त्याच बाजूला लागतं म्हणून ते वजा, राहिले ७७५. २० किलोची ३९ पोती. ती कशीही टाकायची नाहीत. धडाजवळ जास्त, टोकाकडे कमी, आणि पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव अंतराच्या आसपास. डावं एक, उजवं एक. प्रत्येक जोडीनंतर टोक किती खाली आलं ते दोऱ्यानं मोजायचं आणि वहीत लिहायचं. गल्लीतली पंधरा-वीस माणसं बघायला जमली होती. भाचा वही धरून बसला होता.

तिसाव्या पोत्यापर्यंत टोक प्रत्येक वेळी तेवढंच खाली येत होतं. एकतिसावं पोतं ठेवलं आणि आवाज आला. मोठा नाही. सुपारी अडकित्त्यात फुटते तेवढाच. कुणीतरी म्हणालं, घोडा सरकला असेल. भाचा म्हणाला, "हात काढा सगळ्यांनी." गणित केलं तर आम्ही सव्वातीनपटीवर होतो.

पोती उतरवली, प्रत्येक सांधा बघितला. लाकूड शाबूत. डोळ्याला काहीच दिसेना. मग सगळ्या पट्ट्या सोडवून डीपी टेस्टला नेल्या. ओतकामातली भेग शोधायला आम्ही रोज वापरतो तीच टेस्ट. लाल रंग लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, स्वच्छ पुसायचा, वर पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर आत मुरलेला रंग भुकटीत वर येतो. डाव्या दांड्याच्या खालच्या पट्टीवर, जिथं ती काटकोनात वाकवली होती तिथं, पांढऱ्यावर केसासारखी बारीक लाल रेघ हळूहळू उमटली. उमटताना मी बघत होतो. चौदापैकी पाच पट्ट्यांवर तशी रेघ निघाली.

ह्या वेळी माल खरा होता, वाकवणं चुकलं होतं. साधा पत्रा कसाही घडी घातला तरी सहन करतो. क्रोमोलीला वाकवताना आतली गोलाई पत्र्याच्या जाडीच्या निदान तिप्पट ठेवावी लागते, लाटणीच्या रेषांना आडवं वाकवावं लागतं, आणि वाकवण्याआधी कापलेली कड घासून गुळगुळीत करावी लागते, नाहीतर कडेच्या खरचटीतूनच भेग सुरू होते. मी वाकवायच्या ठोकळ्याची कड धारदार ठेवली होती, कारण पॅटर्नमध्ये धारदार कोपरा म्हणजे चांगलं काम. सवय कधी कुठं नडेल सांगता येत नाही. नव्या पट्ट्या केल्या, सगळ्यांची डीपी केली, आणि मे महिन्यात पुन्हा ३९ पोती चढवली. शेवटचं पोतं ठेवून एक मिनिट थांबलो. पोती उतरवल्यावर दोरा होता त्याच खुणेवर परत आला. गल्लीतल्या एकानंही टाळी वाजवली नाही, सगळे श्वास धरून होते. मग भाच्यानं वहीत सही केली आणि मला पेन दिलं.

कापड चढवायचं काम मला सगळ्यात आवडलं. पॉलिस्टरचं खास कापड असतं, आधी सैल चिकटवायचं आणि मग इस्त्री फिरवून ताणायचं. पहिल्यांदा १२० अंशांना, मग १५० ला, शेवटी १७५ ला. त्याच्या पुढे गेलं तर ताण उलट सुटायला लागतो. घरातल्या इस्त्रीवर 'कॉटन', 'सिल्क' असं लिहिलेलं असतं, त्यावर भरवसा नाही. तळाला थर्मामीटर लावून आम्ही बटणावर स्वतःच्या खुणा केल्या. इस्त्री फिरली की कापड डोळ्यांदेखत आवळतं, आणि बोटानं टिचकी मारली की हलगीसारखं वाजतं.

नुसत्या चिकटवण्यावर मी थांबलो नाही, प्रत्येक बरगडीला कापड शिवून घेतलं. हातभर सुई, मेण लावलेला दोरा. वरून सुई घालायची, पंखाच्या आरपार खाली काढायची, बरगडीच्या पलीकडून परत वर आणायची आणि गाठ मारायची. पुढच्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, झोत बसतो तिथं दर ६ सेंटिमीटरला टाका, बाकी ठिकाणी नऊला. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, म्हणजे एक तुटला तरी शेजारचा उसवत नाही. मला ही गाठ दोन आठवडे जमेना. शेवटी वडगावहून एका मावशींना बोलावलं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग. आता पाय दुखतात म्हणून मागावर बसत नाहीत.

मावशींनी चित्र बघितलं, दोरा दोनदा बोटाभोवती फिरवला आणि म्हणाल्या, "हे व्हय? सुटलेला धागा सांधताना आमी मारतोच की." पहिल्या गाठीपासून त्यांचा दोरा जिथं हवा तिथंच आवळला. मी पंखाखाली बसून सुई परत वर ढकलायचो, त्या वरून गाठ मारायच्या. अकरा दिवस आम्ही दोघं पंखाच्या दोन बाजूंना असे बसलो. बोलणं कमी, मधे चहा. संध्याकाळी जाताना त्या डोळे मिटून अंगठा टाक्यांवरून फिरवायच्या. सातव्या दिवशी अंगठा एका जागी थांबला. "हितं एक गाठ मोकळी हाय बघ." मला दिसत नव्हती. सुईच्या टोकानं उचलली तर खरंच एक फेरा चुकला होता, आणि तो टाका त्या आल्या नव्हत्या त्या दुपारी मी एकट्यानं घातलेला होता.

इंजिनाबद्दल उद्यमबागेत प्रत्येकाचं एक मत: "मारुती ८०० चं टाक की." स्वस्त आहे, सुटे भाग कुठंही मिळतात, ७९६ सीसी, तीन सिलेंडर. क्रँकशाफ्ट करणाऱ्या एका जुन्या मित्रानं माझं हे वेड थांबवलं. त्यानं सांगितलं, मोटारीचा क्रँक पिळला जाण्यासाठी घडवलेला असतो. पंखा थेट लावला तर तो त्याला पुढे ओढणार, विमान वळलं की हिसका देणार. मधे गिअर किंवा पट्टा घातलास तर पंखा, पट्टा आणि क्रँक मिळून एका ठराविक वेगाला थरथरायला लागतात, आणि ती थरथर मोजायला तुझ्याकडे काही नाही. वर रेडिएटर आणि पाण्याचं वजन. मी ऐकलं. जुनं रोटॅक्स ४४७ घेतलं. दोन सिलेंडर, हवेनं थंड होणारं, ४० अश्वशक्ती. कंपनीनं हे आता बनवणं थांबवलंय. सगळ्या प्रकल्पात सर्वात जास्त पैसे त्याच्यातच गेले. आणि टू-स्ट्रोकच्या बाबतीत एक समजून चालायचं असतं: हे कधीही बंद पडू शकतं, आणि ते बंद पडलं तर कुठं उतरायचं हे सतत डोक्यात हवं.

पेट्रोलचा प्रश्न तर आमच्याच जिल्ह्यातून आला. बेळगाव म्हणजे उसाचा जिल्हा, कारखान्यांशेजारी डिस्टिलरी, तिथं इथेनॉल. माझ्या स्वतःच्या आजोळचा ऊस त्यात जातो. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात ह्याचा मला आनंदच आहे. पण २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ह्या जुन्या इंजिनाला चालत नाही. जुन्या रबरी नळ्या फुगतात, फायबरच्या टाकीची राळ मऊ पडते, हवेतलं पाणी त्यात मुरतं. शिवाय इथेनॉलला जळताना हवा कमी लागते. कार्बोरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, साध्या पेट्रोलसाठी बसवलेली असेल तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन धरतो, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकून बसतो. मी काचेचा १०० मिलिलिटरचा मोजनळा आणला. १० मिलिलिटर पाणी, वर शंभराच्या खुणेपर्यंत पेट्रोल, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर जिथं दहावर होता तिथं अठ्ठावीसच्या आसपास येऊन थांबला. म्हणजे ९० मध्ये १८, बरोबर २० टक्के. भाच्याच्या मुलीला हा प्रयोग इतका आवडला की तिनं तो शाळेत करून दाखवला. मी टाकी ॲल्युमिनियमची केली, नळ्या अल्कोहोल सोसणाऱ्या घेतल्या, जेट वाढवली, धुराचं तापमान दाखवणारा काटा बसवला. जमिनीवरच्या चाचण्या त्यावर भागतात. उडताना मात्र इथेनॉल नसलेलंच इंधन घालणार, मग ते कुठूनही आणावं लागो.

मधल्या काळात उडवायला शिकणं चालू होतं. सुरुवात पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये केली. विंचच्या दोरानं ग्लायडर झरकन वर जातं, दोर सुटतो, आणि मग फक्त वाऱ्याचा आवाज. नंतर बेंगळुरूला जक्कूरच्या मैदानावर मायक्रोलाइट, म्हणजे इंजिनाचं छोटं हलकं विमान. रजा मिळेल तशी जायचो, म्हणून फार वेळ लागला. तिथल्या प्रशिक्षकांची एक सवय होती. मी रमून बाहेर बघायला लागलो की ते न सांगता थ्रॉटल मागे ओढायचे आणि विचारायचे, "आता कुठं?" अशा विमानाला उंचीच्या सात-आठ पट अंतर मिळतं, म्हणजे ३०० मीटरवरून दोन-सव्वादोन किलोमीटर. तेवढ्यात वारा बघायचा, शेत निवडायचं, तारा शोधायच्या. तेव्हापासून एसटीतून जाताना मी आपला जिल्हा वेगळाच बघतो. ऊस नको. वरून तो मऊ गालिच्यासारखा दिसतो, पण माणसाच्या दीडपट उंच असतो, विमान उलटं होतं. खानापूरकडचं भात पावसाळ्यात चिखल आणि नंतर बांधच बांध. बैलहोंगलकडची काढलेली ज्वारी चांगली, फक्त एप्रिलनंतर काळ्या रानाला चाक जाईल एवढ्या भेगा पडतात. ओढ्याकाठी पाण्याच्या मोटारीला जाणारी वीज असतेच, खांब झाडीत दडलेले. निपाणीचा तंबाखू निघाल्यावरची शेतं सगळ्यात बरी.

वजनासाठी काटेसुद्धा निपाणीहूनच आणले, तंबाखूच्या वखारीतले तीन. प्रत्येक चाकाखाली एक, मी आत बसलेलो, शेपूट उडताना असते त्या पातळीत उचलून धरलेली. गुरुत्वमध्य ठरलेल्या पट्ट्याच्या दोन सेंटिमीटर मागे आला. शेपटीला मी हौसेनं रंगाचे दोन थर जास्त दिले होते. शेपूट लांब असते, तिथला पाव किलो पुढच्या किलोला भारी पडतो. रंग घासून काढायला पंधरा दिवस गेले, चंदेरी थर तेवढा ठेवला, कारण तो नसेल तर ऊन कापड खाऊन टाकतं.

ह्या वर्षी फेब्रुवारीत हुक्केरीच्या बाजूला एका मित्राच्या माळावर विमान नेलं. पंख ट्रॉलीत, धड टेम्पोत. फक्त जमिनीवर पळवायचं ठरवलं होतं. जमलेली पोरं ओरडत होती, "मामा, थोडं उचला की वो, वीतभर!" वीतभर उचललेलं विमानसुद्धा उडालेलंच असतं. परवानगी नाही, आणि पुढे किती माळ उरलाय हे तेव्हा सुचत नाही. ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

पहिले दोन दिवस चालण्याच्या वेगानं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला, वारा नसताना, थोडा जास्त थ्रॉटल दिला. शेपटीला चाक असलेलं विमान उभं असताना नाक वर असतं, पुढचं काहीच दिसत नाही, आकाश आणि पंखा एवढंच. वेग आला, काठी किंचित पुढे केली आणि शेपूट उचलली गेली. नाक खाली आलं आणि एकदम सगळा माळ समोर उघडला: लांबवरचं आंब्याचं झाड, त्याखाली उभी माझी बायको, भाचा, आणि कट्ट्यावर बसलेल्या मावशी. विमान डावीकडे ओढ घ्यायला लागलं, मी उजवा पाय दिला, चार सेकंद सरळ धरलं आणि थ्रॉटल बंद केला.

नोंदणीची फाइल सध्या पुढे गेली आहे. दोन शंका आल्या होत्या, त्यांची उत्तरं टीसींच्या प्रतींसकट पाठवली. पत्र्याच्या, बोल्टांच्या, केबलच्या, सगळ्यांच्या. भारचाचणीची वही, भाच्याच्या सहीचं पान, डीपीचे अहवालही जोडलेत.

त्या सकाळी मी इंजिन बंद करून उतरलो तेव्हा मावशी काठी टेकत विमानापाशी आल्या. "उडलं काय रे?"

"अजून न्हाई मावशी. नुसतं शेपूट उचललं."

"बरं." त्यांनी काठी माझ्या हातात दिली, डोळे मिटले आणि डाव्या पंखावर अंगठा ठेवून टाके मोजत टोकाकडे चालायला लागल्या.